दगड नाही म्हणून माणूसही नाही? बोलिव्हियातल्या बेटांची पार्श्वभूमी

बोलिव्हियाच्या उत्तरेला, अ‍ॅमेझॉन खोऱ्याच्या नैऋत्य टोकाला यानोस दे मोखोस नावाचं अफाट सपाट मैदान आहे. वर्षातले काही महिने पाण्याखाली, मग कोरडं ठणठणीत, आणि मधे मधे उंचवट्यांवर झाडांचे पुंजके, ज्यांना तिथे बेटंच म्हणतात.

पुरातत्त्वाचं खोदकाम इथे जुनंच आहे. 1908-09 ला स्वीडनचे मानववंशशास्त्रज्ञ एर्लांड नॉर्डेनशिओल्ड येऊन गेले, 60 च्या दशकात भूगोलतज्ज्ञ विल्यम डेनेवननी शेतीसाठी केलेले जुने उंच वाफे नि बांध जगाला दाखवले. पण हे सगळं भांडी घडवणाऱ्या शेतकऱ्यांचं, खूप नंतरचं. त्याआधी कोण होतं हे फारसं कुणी विचारलंच नाही, कारण अमेरिकन पुरातत्त्वज्ञ बेटी मेगर्स यांचं मत जोरात होतं की इथली माती निकस, मोठी वस्ती टिकणारच नाही, आणि 80 च्या दशकात तर काही मानववंशशास्त्रज्ञ म्हणायला लागले की शेतीचा आधार नसेल तर अशा जंगलात नुसत्या शिकारीवर नि कंदमुळांवर जगणं अवघड. 1996 मध्ये पुरातत्त्वज्ञ अ‍ॅना रूझवेल्टनी ब्राझीलमधल्या पेद्रा पिंतादा गुहेतले माणसाच्या वस्तीचे 11 हजार वर्षांहून जुने पुरावे मांडले तेव्हा याला पहिला मोठा तडा गेला.

मोखोसची अडचण वेगळीच. इथे दगडच मिळत नाही, मग दगडी हत्यारं कुठून सापडणार? त्यात जुनी जमीन नदीच्या गाळाखाली गेलेली. 2013 मध्ये संशोधक उंबेर्तो लोंबार्दो आणि सहकाऱ्यांनी तीन बेटांत खोल ड्रिल करून मातीचे नमुने काढले, मग खोदलं, तर आत गोड्या पाण्यातल्या गोगलगायींच्या शंखांचे थरच्या थर, प्राण्यांची हाडं, कोळसा, आणि मातीत माणसाच्या विष्ठेतून येणारे स्टेरॉइड्ससुद्धा! म्हणजे हा उंचवटा नदीने केलेला नाही, जेवून टाकलेल्या कचऱ्याचा आहे, आणि वय 10 हजार वर्षांच्या आसपास. मला तर हा विष्ठेचा पुरावा कुठल्याही भाल्याच्या टोकापेक्षा भारी वाटतो. पुढे शंखांतल्या चुन्याने घट्ट झालेल्या थरांत माणसांची दफनंही मिळाली.

2020 मध्ये अजून एक धक्का, याच बेटांच्या मातीत वनस्पतींचे सूक्ष्म सिलिका कण सापडले, कसावा सुमारे 10,350 वर्षांपूर्वीचा (आपला साबुदाणा याच कंदाचा), भोपळा 10,250, मका 6,850. म्हणजे ज्यांना आपण सरसकट शिकारी म्हणत होतो ते लावणीही करत होते. माणसाने घडवलेली अशी सुमारे 4,700 बेटं असावीत असा अंदाज आहे, खणली गेली ती मोजकीच, आणि हा मुलूख आज गुरांच्या मोठमोठ्या रँचेसचा आहे, त्यामुळे ती सपाट व्हायच्या आत खणली जावीत असं फार वाटतं.