कोपऱ्यातला एक मोबाइल आणि सगळ्यांचं वाय-फाय

सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत वाय-फाय रखडलं की 'कुणीतरी सिनेमा उतरवतंय' अशी कुजबुज सुरू व्हायची. मी राउटरमधली, जोडलेल्या मोबाइलची यादी उघडून पाहिली. बहुतेकांपुढे सेकंदाला ५४ मेगाबिट असा वेगाचा आकडा होता, एकापुढे मात्र ६. तो मुलगा जिन्यापलीकडे, वाड्याच्या दोन जाड भिंतींआड बसून जुन्या प्रश्नपत्रिकांच्या पीडीएफ उतरवत होता.

सिग्नल क्षीण झाला की चुका टाळण्यासाठी वेग उतरवला जातो. जुना राउटर मात्र प्रत्येकाला आळीपाळीने एकेक पॅकेट, म्हणजे माहितीचा छोटा तुकडा, देतो. १५०० बाइटचं पॅकेट म्हणजे १२,००० बिट. ५४ मेगाबिटने ते ०.२२ मिलिसेकंदात जातं, ६ ने जायला २ मिलिसेकंद लागतात. दोघांची फेरी २.२२ मिलिसेकंदांची, म्हणजे मधला फुटकळ वेळ सोडला तर दोघांनाही सेकंदाला ५.४ मेगाबिटच! राउटरला खेटून बसलेल्यालाही तेवढेच. फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या संशोधकांनी २००३ मध्ये ही विसंगती दाखवून दिली.

उपाय मला फार आवडतो: पॅकेटं मोजायची नाहीत, वेळ मोजायचा. राउटर प्रत्येकाच्या नावे वेळेचं खातं ठेवतो. ज्याने जास्त वेळ खाल्ला, त्याने पुढच्या फेऱ्यांत थांबायचं. निम्मा-निम्मा वेळ वाटला की जवळच्याला २७ आणि लांबच्याला ३ मेगाबिट मिळतात. लांबच्यावर अन्याय? नाही. जवळचाही त्याच्याइतकाच मंद असता, तरी लांबच्याला ३च मिळाले असते.

प्रत्यक्षात हे खातं लिहिणं अवघड. पॅकेटला किती वेळ लागेल ते आधी कळत नाही. पोच आली नाही तर पुन्हा पाठवावं लागतं, म्हणून हिशेब नंतरच चुकता होतो. तोवर पुढची पॅकेटं चिपच्या रांगेत गेलेली असतात, ती परत घेता येत नाहीत.

अभ्यासिकेच्या चालकांना कुणीतरी वास्तुशास्त्राच्या नावाने राउटर आग्नेयेला ठेवायला सांगितलं होतं. लहरींना दिशा कळत नाही, भिंत कळते. आम्ही तो मधल्या खोलीत, उंचावर टांगला. त्या मुलाचा आकडा २४ वर गेला.

मात्र त्याने नोट्सचे फोटो वर चढवायला घेतले की राउटरचं खातं लंगडं पडतं. तिथे मोबाइल स्वतःच, हवेत दुसरं कुणी बोलतंय का याचा कानोसा घेऊन, आपला नंबर लावतो. वाय-फाय ६ या नंतरच्या पिढीत ही पाळी राउटरला ठरवता येते, पण जुन्या मोबाइलना ती भाषाच येत नाही. आणि शेजारच्या वाड्यातला राउटर त्याच चॅनेलवर (लहरींच्या त्याच पट्ट्यावर) असेल, तर त्याचा वेळ कुणाच्या खात्यात मांडायचा?