टाका भरला, ताण उरला

जाड पोलादातली भेग ग्राइंडरने खरवडायची, वेल्डिंगचा रॉड लावून भरायची, वरून घासून गुळगुळीत करायची. दिसायला सांधा नव्यासारखा. पण वितळलेला धातू गोठताना आकसतो आणि शेजारचं थंड पोलाद त्याला आकसू देत नाही. ही ओढाताण सांध्यातच कोंडून राहते. तिचा जोर कधी कधी पोलाद कायमचं ताणलं जाईल इतका असतो.

क्रोमियम-मॉलिब्डेनमच्या पोलादात आणखी एक दुखणं आहे. टाक्यालगतची (वेल्ड केलेल्या सांध्याशेजारची) पट्टी झपाट्याने गार झाली की ती कडक आणि ठिसूळ होते. दमट रॉडमधून शिरलेला हायड्रोजन तिथे घात करतो. भेग दुसऱ्या दिवशीही उघडू शकते. म्हणून वेल्डिंगआधी पोलाद तापवायचं, रॉड ओव्हनमधूनच काढायचे आणि तपासणीची घाई करायची नाही.

साधं कार्बन पोलादही इथे माफ करत नाही. शिकागोजवळच्या रोमिओव्हिल इथल्या तेलशुद्धीकरण कारखान्यात १९७४ साली एका टॉवरचा (उभ्या उंच टाकीचा) गोल पट्टा बदलला. नवा पट्टा जागेवरच वेल्ड केला, पण नंतर तापवून ताण काढला नाही. टाक्यालगतच्या कडक पट्टीत हायड्रोजनने भेगा पाडल्या. २३ जुलै १९८४ रोजी एका कामगाराला आडव्या भेगेतून वायू सुटताना दिसला. तो व्हॉल्व्ह बंद करू लागला, तोवर भेग लांबत गेली. कारखान्याचं अग्निशमन पथक पोचत होतं, तेवढ्यात टॉवर फुटला. वरचा भाग सुमारे एक किलोमीटरवर जाऊन पडला. १७ माणसं गेली.

ताण काढायचा म्हणजे सांध्याभोवती हीटर पॅड गुंडाळून तो सावकाश तापवायचा, ठरल्या तापमानाला धरून ठेवायचा आणि सावकाशच निववायचा. वीजकेंद्रांतल्या पी-९१ (क्रोमियम-मॉलिब्डेनमच्याच एका जातीच्या पोलादाच्या) पाइपांना साधारण ७३० ते ७७० अंश सेल्सिअस लागतात. तापलेलं पोलाद मऊ पडतं, किंचित सरकतं आणि ताण सैल होतो. कडक पट्टीचा ठिसूळपणाही उतरतो. मात्र तापमान फार वर गेलं, तर पोलादाची मूळ ताकदच जाते.

त्याच जागी पुन्हा पुन्हा दुरुस्ती करायला मी बिचकतो, ते यासाठीच. दर वेळी नवा टाका, नवी कडक पट्टी आणि पुन्हा तापवणं. तापवण्याचे तास साठत जातात, तसं पोलाद थोडं थोडं नरम पडतं. जाणते कारखाने प्रेशर व्हेसल (दाब सोसणारी टाकी) बांधतानाच त्याच प्लेटचा एक तुकडा पुढच्या संभाव्य दुरुस्त्यांचे तास धरून भट्टीत ठेवतात, आणि मग तो ओढून, तोडून बघतात.