अर्धायुष्य कार्बनचं आणि अर्धायुष्य डीएनएचं

‘डीएनएचं अर्धायुष्य ५२१ वर्षं’ असं कुठे वाचलं, की शाळेत शिकलेला कार्बन-१४ हा किरणोत्सारी कार्बन आठवतो. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मा उरायला लागणारा काळ, सुमारे ५,७३० वर्षं. शब्द एकच असल्यामुळे दोन्ही घड्याळं एकाच जातीची वाटतात, आणि इथेच गफलत होते.

कार्बन-१४ चा ऱ्हास होतो अणूच्या गाभ्यात. तिथवर ऊन, पाऊस, माती यांचा हात पोचत नाही. हाड हरियाणात पुरलेलं असो की सैबेरियात, वेग तोच. म्हणून तर त्यावरून वय काढता येतं.

डीएनए मात्र रसायन आहे, आणि त्याचा मोठा वैरी पाणी. जिवंत पेशी त्याची मोडतोड सतत दुरुस्त करत असते. मेल्यावर ती डागडुजी थांबते. पेशीतली विकरं आणि जंतू आधी त्याचे तुकडे पाडतात. मग पाण्यामुळे डीएनएच्या साखळीतलं एखादं ‘अक्षर’ (म्हणजे तिचा एक रासायनिक घटक) निखळतं आणि नेमकी तिथेच साखळी तुटते. उष्णता वाढली की हे सगळं भराभर होतं. ५२१ हा आकडा न्यूझीलंडच्या नामशेष मोआ पक्ष्याच्या १५८ हाडांवरून २०१२ मध्ये काढला गेला. तिथलं तापमान सुमारे १३ अंश, आणि मोजला होता फक्त २४२ अक्षरांचा तुकडा. जागा बदला, तुकड्याची लांबी बदला, आकडाही बदलेल.

हरियाणातल्या राखीगढीचंच बघा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली तिथे उत्खनन झालं. हडप्पाकालीन सांगाड्यांचे ६१ नमुने तपासले, आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला जनुकीय आराखडा हाती लागला तो एकाच स्त्रीचा. तोही तुटपुंजा, शंभरावर वेळा नमुना तयार करून जमवलेला. याउलट सैबेरियाच्या गोठलेल्या जमिनीतल्या मॅमथच्या दातांतून दहा लाख वर्षांहून जुना डीएनए वाचता आला आहे.

आता दोन्ही घड्याळं शेजारी ठेवा. साडेचार हजार वर्षांत कार्बन-१४ निम्म्याहून जास्त शिल्लक राहतो, पण राखीगढीत डीएनए जवळजवळ संपला. त्या मॅमथमधला कार्बन-१४ केव्हाच मोजण्यापलीकडे गेला, डीएनए मात्र उरला.

आपल्यासारख्या उष्ण देशात म्हणूनच हाड जमिनीतून निघाल्यानंतरचे दिवसही मोलाचे असतात. ते पाण्याने धुऊन उन्हात वाळत घातलं, की हजारो वर्षं कसाबसा टिकलेला डीएनए आपल्याच हातून जाऊ शकतो. डीएनए तपासायचा असेल तर हातमोजे घालून, न धुता, ते लगेच थंड जागी ठेवायला हवं.