काळ्या-पांढऱ्या फोटोतला लाल रंग

पहिल्या महायुद्धातल्या विमानांचे फोटो संगणकाकडून रंगवून घ्यायची सध्या टूम आहे. चित्रं देखणी होतात, पण हे प्रोग्राम मूळ रंग 'शोधून' काढत नाहीत, राखाडी छटेवरून अंदाज बांधतात. विमान ओळखायच्या कामात त्या रंगांवर विश्वास ठेवला तर देशच बदलतो.

विमानाचा प्रकार ओळखायला रंग लागत नाही. समजा, दुपंखी विमानाचा खालचा पंख वरच्यापेक्षा बराच अरुंद आहे, दोन्हींमधले टेकू इंग्रजी 'व्ही'सारखे आहेत आणि नाकातल्या गोल इंजिनात नऊ सिलिंडर मोजता येतात. अशा वेळी निअपोर्ट १७ची शक्यता दाट. (एका ओळीच्या अशा चार-स्ट्रोक इंजिनात सिलिंडर विषमच असतात. एक सोडून एक पेटत गेले तरच धक्के समान अंतराने बसतात. मोजणी आठ आली तर एखादा झाकला गेलाय असं समजा.) पण निअपोर्ट १७ फ्रेंचांकडेही होतं आणि ब्रिटिशांकडेही. मग पंखावरची गोल खूण बघायची. फ्रेंच खुणेत बाहेर लाल, मध्ये निळा. ब्रिटिश खुणेत बरोबर उलट. आपला डोळा गडद कडं दिसलं की निळं समजतो आणि 'ब्रिटिश' म्हणून मोकळा होतो.

घोळ आहे तो त्या काळच्या, फोटो टिपणाऱ्या काचेच्या प्लेटमध्ये. प्लेटवरच्या सिल्व्हर ब्रोमाइडच्या स्फटिकावर प्रकाशकण आदळला की एक इलेक्ट्रॉन सुटतो, तो चांदीच्या आयनाला मिळतो आणि चांदीचा अणू तयार होतो. असे मोजके अणू एकत्र आले की डेव्हलपर (फोटो धुवायचं रसायन) त्या अख्ख्या कणाची काळी चांदी करतो. इलेक्ट्रॉन सोडवायला लागणारी ऊर्जा एकाच प्रकाशकणाने एकरकमी द्यावी लागते. ४५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या निळ्या प्रकाशकणाकडे सुमारे २.७५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असतात, तेवढे पुरतात. ६५० नॅनोमीटरच्या लाल कणाकडे जेमतेम १.९. लाल प्रकाश कितीही ओतला तरी स्फटिक ढिम्म! निगेटिव्हवर ती जागा पारदर्शक राहते आणि छापलेल्या फोटोत काळी येते.

१८७३ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ हेर्मान फोगेलने दाखवलं की योग्य रंगद्रव्य मिसळलं तर प्लेटला हिरवाही दिसू लागतो. रंगद्रव्य हिरवा प्रकाश शोषतं आणि इलेक्ट्रॉन स्फटिकाच्या हवाली करतं. याच ऑर्थोक्रोमॅटिक प्लेटा. लाल टिपणाऱ्या पॅनक्रोमॅटिक प्लेटा १९०६ मध्ये बाजारात आल्या, तरी ऑर्थोचा वापर पुढे कित्येक वर्षं चालूच राहिला. जर्मन लढाऊ वैमानिक रिश्टहोफेनचं लालभडक तीनपंखी फोकर अशा फोटोत काळंकुट्ट दिसतं ते यामुळेच.

म्हणजे ऑर्थो फोटोत निळा जवळपास पांढरा आणि लाल काळा. बाहेरचं कडं गडद असलं तर विमान बहुधा फ्रेंच! बेल्जियमच्या खुणेतले काळा, पिवळा, लाल हे तिन्ही तर गडदच उतरतात. अस्पष्ट फोटोत नुसती काळपट चकती दिसते.

प्लेट कोणती हे कळायला आधी माणसांचे चेहरे बघा. ओठ आणि उन्हाने रापलेले गाल फार काळे आले असतील तर ऑर्थोचा संशय घ्या. मग आकाश बघा. ते कोरं पांढरं आलं असेल तर संशय बळावतो. ढग ठसठशीत उठले असतील तर कदाचित पिवळा फिल्टर लावलेला असेल. तो निळा अडवतो, म्हणून निळं कडंही गडद होतं. असा फोटो हाती आला तर नुसत्या गोल खुणेवरून देश सांगू नका. विमानाचा अनुक्रमांक किंवा वैमानिकाचा गणवेश दिसतो का ते शोधा.