कंसातले तीन आणि आठ

ढोलाच्या आवाजाचं नाव लिहायचं आणि पुढे कंसात दोन आकडे: ३, ८. लाइव्ह कोडिंग, म्हणजे प्रोग्राम लिहून केलेलं वादन, शिकणाऱ्याच्या हाती लवकर पडणारी ही युक्ती. संगणक आठ मात्रांच्या आवर्तनात तीन ठोके शक्य तितक्या सारख्या अंतरावर बसवतो. आठाला तीनने भाग जात नाही, म्हणून अंतरं पडतात तीन, तीन, दोन. त्या आखूड दोनमुळेच ताल लचकतो. तीनाचे पाच केले की लगेच चाल बदलते.

गंमत म्हणजे ठोके वाटण्याची ही रीत संगीतातून आलेली नाही. न्यूट्रॉन निर्माण करणाऱ्या यंत्रातले स्पंद ठरलेल्या काळात समान विखुरण्यासाठी ती तयार झाली. तिच्या बुडाशी शाळेतला मसावि काढण्याचा युक्लिडचा नियमच आहे आणि तिच्यातून जगभरचे कितीतरी पारंपरिक ताल निघतात, हे गॉडफ्रीड तुसाँ या संगणकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये दाखवलं.

लाइव्ह कोडिंगमध्ये प्रोग्राम श्रोत्यांसमोर लिहायचा आणि तो चालू असतानाच बदलत वाजवायचं. कोड मागच्या मोठ्या पडद्यावर सगळ्यांना दिसतो. २००४ साली हॅम्बुर्गमध्ये जमलेल्या मंडळींनी टॉपलॅप हा गट स्थापला. ‘तुमचे पडदे दाखवा’ ही त्याच्या जाहीरनाम्यातली मागणी. सतारियाची बोटं पाहून सतार वाजवता येत नाही. इथे मात्र जे दिसतं ते जसंच्या तसं उतरवून घेता येतं, आणि तेवढ्यावर तेच वाजतं.

अगदी तेच. अ‍ॅलेक्स मॅक्लीन यांच्या टायडल या साधनात ‘यादृच्छिक’ आकडेसुद्धा आवर्तनाच्या वेळेवरून गणिताने काढले जातात. ध्वनिनमुने सारखे असतील, तर दुसऱ्याच्या संगणकावर शंभराव्या आवर्तनात तोच योगायोग पुन्हा घडतो. टायडलची ताल लिहिण्याची पद्धत ‘बोल प्रोसेसर’कडून आलेली आहे, हेही सांगायला हवं, १९८० च्या दशकात तबल्यातल्या ‘कायदा’ या रचनाप्रकाराचं व्याकरण तपासायला तो प्रोग्राम बनला होता. बोल तोंडाने देण्याघेण्याची रीत जुनीच, इथे ती टंकलिखित झाली.

ऑलिव्हिया जॅक यांचं हायड्रा हे दृश्यांसाठीचं साधन याहून पुढे जातं. ते उघडलं की दुसऱ्या कुणाची तरी रचना आधीच हलत असते आणि तिचा कोड चित्रावरच लिहिलेला असतो. एखादा आकडा बदलायचा आणि काय होतं ते पाहायचं. बहुतेकांचा पहिला धडा असा दुसऱ्याच्या वहीत गिरवलेला असतो. चुकीची भीतीही कमी, कारण टायडलमध्ये कंस विसरला तर नवी ओळ नाकारली जाते आणि आधीचा ताल निमूटपणे वाजत राहतो.

दूर राहणाऱ्यांना एकत्र वाजवायचं असेल तर खरी अडचण भौतिकशास्त्राची. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे १०,००० किलोमीटरला निदान ५० मिलिसेकंद. ताल धरून वाजवणाऱ्यांना पंचवीस-तीस मिलिसेकंदांचा उशीरही खटकू लागतो. एस्च्युरीसारख्या साधनांनी आवाज पाठवण्याचा नादच सोडला. ती फक्त कोडचा मजकूर पाठवतात, घड्याळं जुळवून ठेवतात आणि आवाज ज्याच्या त्याच्या संगणकावर तयार होतो. मजकूर थोडा उशिरा पोचला तर बदल थोडा उशिरा होतो, ठोका मात्र हलत नाही.

या मोकळेपणाला एक खोट आहे. सगळे एकमेकांचं उतरवू लागले की सगळ्यांचं सारखंच वाजू लागतं. तीन-आठ ऐकून कान किटतात. मेक्सिको सिटीतल्या कलाकारांची रीत म्हणूनच मला आवडते. तिथे कोऱ्या पडद्यापासून सुरुवात करायची आणि नऊ मिनिटांत आटोपायचं. आधी लिहून आणलेलं काही चालत नाही. उसनं घेतलेलं चालतं, पण ते डोक्यात असावं लागतं.