कथेतला ‘मी’ नक्की कोण? लेखक आणि निवेदक

कथा ‘मी’ने सुरू झाली की आपण मुखपृष्ठावरचं नाव बिनदिक्कत त्या ‘मी’ला चिकटवतो. मग लेखक कुठे भेटलाच तर प्रश्न ठरलेला: ‘हे तुमच्याच बाबतीत घडलं ना?’ लेखक म्हणजे पुस्तक लिहिणारा हाडामांसाचा माणूस, ज्याला मानधन मिळतं (निदान मिळायला हवं). निवेदक म्हणजे ती गोष्ट सांगणारा आवाज. पुस्तकाबाहेर त्याला घरदार नाही.

फरक ढळढळीत दिसतो तो हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो?’मध्ये. ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ या साप्ताहिकात क्रमशः येऊ लागली. लिहिणारे हरिभाऊ तेव्हा सव्वीस वर्षांचे, आणि सांगणारी यमू: माहेर, सासर, वैधव्य, सक्तीचं केशवपन, सगळं स्वतःच्या तोंडून. इथे गल्लत व्हायची सोयच नाही.

‘कोसला’त मात्र भलेभले फसतात. कादंबरी १९६३ ची. भालचंद्र नेमाडे खानदेशातल्या सांगवीचे, जन्म १९३८ चा. नायक पांडुरंग सांगवीकर, तोही खानदेशचा, पंचविशीतला, पुण्यात शिकायला आलेला. एवढं जुळल्यावर वाचकाला दोष तरी काय द्यायचा? पण पांडुरंग शिक्षण अर्धवट टाकून गावी परततो; नेमाडे शिकले आणि पुढे प्राध्यापक झाले. शिवाय ‘उदाहरणार्थ’, ‘वगैरे’ पेरत बोलणं ही पांडुरंगाची खोड. ती कुठे पेरायची, कुठे आवरायची, हे ठरवणारे नेमाडे. माझ्या मते पुस्तकातली गंमत तिथेच आहे, लेखकाच्या चरित्राशी ताळेबंद जुळवत बसण्यात नाही.

दोघांतलं अंतर लेखक मुद्दाम वापरतो तेव्हा तर मजाच. समजा एक कथा अशी सुरू होते:

‘मी कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. वरच्या मजल्यावरच्या सुनेकडे काल तिसऱ्यांदा पार्सल आलं, रात्री पावणेदहाला. पण मी कशाला लक्ष देऊ?’

सांगणारीच्या मते ती साधी, सरळ बाई आहे. आपल्याला मात्र दाराच्या फटीला लावलेला डोळा दिसतो. ‘तिसऱ्यांदा’ आणि ‘पावणेदहाला’ हे दोन तपशील तिच्या तोंडी घालून लेखकाने तिच्या डोक्यावरून आपल्याशी संधान बांधलंय. तिचं म्हणणं हेच लेखकाचं मत मानलं, तर कथा हातातून गेलीच.

आत्मचरित्राचं गणित वेगळं. ‘स्मृतिचित्रे’तला ‘मी’ म्हणजे लक्ष्मीबाई टिळकच; तिथे लेखक आणि निवेदक एकच, हा वाचकाशी केलेला करार असतो.

राहिली ‘तो’ आणि ‘ती’ची गोष्ट. तिथे कुणी ‘मी’ म्हणत नाही, म्हणून थेट लेखकच बोलतोय असं वाटतं. पण सगळ्या पात्रांच्या मनातलं जाणणारा तो सर्वज्ञ आवाजसुद्धा घडवलेलाच असतो. एकच लेखक एका कथेत मिश्कील निवेदक ठेवतो, दुसऱ्या कथेत कोरडा. स्वतः लेखक तेव्हा कदाचित वीजबिलाच्या रांगेत वैतागून उभा असेल. त्यामुळे कथेवर लिहिताना ‘लेखक म्हणतात’ असं खरडण्याआधी ते वाक्य कुणाच्या तोंडी आहे, तेवढं पाहून घ्यावं.