कॅसेटवाला डबा की एचडीएमआय स्टिक? जुन्या गेमची मैफल जमवण्याआधी

सांगलीत एखाद्या मोबाइलच्या दुकानात जाऊन "लहानपणीचा टीव्ही गेम आहे का हो?" असं विचारलं, की काउंटरवर दोन वस्तू येऊ शकतात. एक प्लॅस्टिकचा डबा, वर कॅसेट खुपसायची खाच आणि वायरचे दोन रिमोट. दुसरी पेनड्राइव्हपेक्षा जरा मोठी, नव्या टीव्हीच्या एचडीएमआय खाचेत खुपसायची स्टिक, सोबत बिनवायरचे रिमोट. दोन्हींच्या खोक्यावर मारिओ, दोन्हींवर हजारो गेमचा दावा, आणि विकणाऱ्याच्या लेखी दोन्ही "सेमच". अजिबात सेम नाहीत. दिवाळीला मामे-मावस भावंडं जमणार, शेजारपाजारचे येणार आणि रात्री कॉन्ट्राचा गेम लावायचा बेत असेल, तर फरक आधीच समजून घेतलेला बरा.

डब्याचं घराणं 1983 साली जपानात आलेल्या निन्टेंडो कंपनीच्या फॅमिकॉम या गेमच्या यंत्रापर्यंत जातं. आपल्यापैकी बहुतेकांनी खेळला तो अर्थात त्याच्या नकलेचा डबा. नक्कल असली तरी ती चिपची नक्कल आहे. नंतरच्या स्वस्त डब्यांचं झाकण उघडलंत, तर सर्किटवर डांबरासारखा एक काळा थेंब दिसेल. प्रोसेसर, चित्र काढणारा भाग, आवाज सगळं त्या थेंबाखाली. कॅसेटमधला प्रोग्रॅम ही चिप थेट वाचते, म्हणून बटण दाबल्याबरोबर गेम समोर येतो.

स्टिकमध्ये असलं काही नसतं. तिच्यात बारीकसा संगणक असतो, बहुधा लिनक्स या प्रणालीवर चालणारा. एम्युलेटर नावाचा प्रोग्रॅम त्या जुन्या चिपचं सोंग घेतो, आणि गेम म्हणजे मेमरी कार्डावरच्या फायली. हा प्रकार काही हलका नव्हे. निन्टेंडोनं स्वतः 2016 मध्ये 30 गेमचा छोटा डबा काढला, तोही आतून असाच होता.

गोंधळ होतो तो इथंच. बाहेरून जुन्या डब्यासारखं दिसणारं खोकं आतून स्टिकच असू शकतं. ओळखायची खूण सोपी आहे: गेमच्या यादीतला मारामारीचा टेक्कन खरा, प्लेस्टेशनवरचाच आहे का बघा, कारण त्या नावाच्या 8 बिटच्या नकलाही असतात. खरा टेक्कन नंतरच्या ताकदवान प्लेस्टेशनचा, डब्यातल्या 8 बिटच्या जुन्या चिपला तो सात जन्मात झेपणार नाही. तो चालत असेल तर आत एम्युलेटर आहे, खोक्याचा आकार काहीही असो.

आता टीव्ही, कारण सगळी गंमत किंवा सगळा विचका तिथंच होतो. जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही सिग्नल येईल तसा पडद्यावर उमटवतो. एलईडी टीव्ही आधी चित्र साठवतो, ताणून मोठं करतो, रंग सुधारतो आणि मग दाखवतो. एक फ्रेम, म्हणजे पडद्यावरचं एक चित्र, साधारण 17 मिलिसेकंदांची. अशा चार-पाच फ्रेम मागे पडल्या की मारिओ उडी मारायच्या आत खड्ड्यात. पोरं म्हणतात रिमोट खराब आहे. रिमोट चांगला असतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड सुरू केला की पुष्कळ फरक पडतो. जुना डबा स्वस्तातल्या एव्ही-टू-एचडीएमआय कन्व्हर्टरवरून, म्हणजे जुन्या वायरचा सिग्नल एचडीएमआयमध्ये बदलणाऱ्या डबीवरून, नव्या टीव्हीला जोडलात, तर कन्व्हर्टरचा उशीर आणि टीव्हीचा उशीर असे दोन्ही पदरात पडू शकतात. हे लग्न मला तरी पसंत नाही.

बंदुकीचं तर विचारूच नका. डक हंट हा बदकं टिपायचा गेम खेळायचा म्हणून डब्यासोबतची बंदूक माळ्यावरून काढाल आणि एलईडीवर एकही बदक पडणार नाही. त्या बंदुकीतून काहीच सुटत नाही. तिला उलट एक डोळा असतो. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. तो उजेड त्याच क्षणी बंदुकीला दिसला तर बदक मेलं. एलईडीवर चौकोन उशिरा येतो, तोवर डब्यानं नेम चुकल्याचं ठरवून टाकलेलं असतं. पिक्चर ट्यूबला पर्याय नाही.

आणखी एक गोष्ट चाळिशीतल्या मंडळींना खटकते: स्टिकवर गेम जास्तच पळतोय. वयाला दोष देऊ नका. आपल्याकडचे जुने टीव्ही पाल नावाच्या सिग्नल पद्धतीचे, आणि त्यांच्यासाठी बनलेले बरेच डबे सेकंदाला 50 चित्रं काढायचे. गेम मात्र जपान-अमेरिकेच्या 60 च्या हिशेबानं लिहिलेले. म्हणजे आपण लहानपणी जो मारिओ खेळलो तो मुळात सहाव्या हिश्श्यानं संथ होता. स्टिक सहसा 60 वरच चालवते.

यंत्र कुठलंही घ्या, गर्दीत गेम निवडताना एक बघा. मारिओत दोघे आळीपाळीनं खेळतात. पहिला मरेपर्यंत दुसऱ्यानं गप बसायचं. घरात एखादा तरबेज पुतण्या असेल तर काकांचा नंबर जेवणं झाल्यावर लागेल. कॉन्ट्रा आणि टँकवाला बॅटल सिटी दोघांना एकदम खेळता येतात, म्हणून भांडणंही एकदम होतात आणि मजा येते. कॉन्ट्रात नवख्यांसाठी सुरुवातीच्या पडद्यावर वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, बी, ए दाबा, दोघे असाल तर सिलेक्ट आणि मग स्टार्ट. 3 चे 30 चान्स होतात. भडंगाची ताटली रिमोटपासून लांब ठेवा, तेलकट बोटांनी ए बटण निसटतं.

माझं मत विचाराल तर, घरात चालू पिक्चर ट्यूब असेल तर डबाच. नसेल तर स्टिक, शक्यतो वायरचे रिमोट लागणारी. स्टिकचा एक मोठा फायदा म्हणजे हवं तिथं खेळ साठवून ठेवता येतो. लाइट जाण्याआधी साठवलेलं सगळं परत मिळतं. डब्याला हे जमत नाही. हजारो गेमच्या आकड्याला मात्र दोन्हीकडे भुलू नका. "9999 इन 1" कॅसेटमध्ये मोजकेच गेम नावं आणि राऊंड बदलून पुन्हा पुन्हा भरलेले असायचे. स्टिकवर गेम खरोखर पुष्कळ असतात, पण बहुतेक विनापरवाना.

माळ्यावरचा डबा काढणार असाल तर कॅसेटमध्ये फुंकर मारू नका. फुंकरीतल्या ओलाव्यानं पिना गंजतात. गेम चालायचा तो कॅसेट काढून पुन्हा नीट बसवल्यामुळे. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसानं पिना पुसा. सांगलीच्या गावभागात किंवा मारुती चौकाकडे 2019 च्या नाहीतर 2021 च्या पुरात भिजलेला डबा असेल, तर आतला गाळ आणि गंज साफ करून घेईपर्यंत त्याला वीज देऊ नका. जुन्या डब्यांना बहुधा 9 व्होल्टचा अडॅप्टर लागतो, स्टिकला यूएसबीचे 5 व्होल्ट. अडॅप्टर हरवला असेल तर डब्यावर छापलेला आकडा आणि पिनेची प्लस-मायनस बाजू जुळवूनच नवा घ्या.